कर्णाच्या मनात काय होते?

भाद्रपदात गणपती आले की आमच्या रत्नागिरी तालुक्यात जाखडीच्या बाऱ्या उभ्या राहतात. आरे आणि वारे या दोन किनाऱ्यांमधून गणपतीपुळ्याकडे जाणारा जो रस्ता आहे, त्याच्या आसपासच्या वाड्यांत मुंबईचे चाकरमानी उतरलेले असतात. रात्री जेवणे उरकली की अंगणात माणूस मावत नाही. एका पायात चाळ बांधलेली पोरे रिंगण धरतात, मध्ये शाहीर आणि ढोलकीवाला बसतो. एक बारी शक्तीवाल्यांची, दुसरी तुरेवाल्यांची. शक्ती श्रेष्ठ की शिव श्रेष्ठ, हा मूळचा वाद. पण रात्र चढत जाते तसे सवाल पुराणात शिरतात आणि कोण कोणाला अडवतो याकडे सगळ्यांचे कान लागतात.

आमची बौद्धवाडी या अंगणात मधोमध कधी बसली नाही. धर्मांतरानंतर वाडीने गावकीची कामे सोडली, तशी देवाच्या कार्यातली जागाही सोडली. तरी गाण्याचा कान कुठे जातो? आम्ही कडेला उभे राहून ऐकतो. काही वर्षांपूर्वी असाच मी माझ्या चुलत्यांबरोबर उभा होतो. शक्तीवाल्या शाहिराने सवाल टाकला : रथाचे चाक रुतले आहे, समोर अर्जुनाचा बाण आहे, त्या घडीला कर्णाच्या मनात कोणती इच्छा राहून गेली ते सांग. तुरेवाल्याने फार वेळ घेतला नाही. त्याने उत्तर दिले, द्रौपदी. अंगणात शिट्ट्या झाल्या. शाहिराच्या हातात नोटा पडल्या. सवालाला असेच उत्तर हवे होते, असे सर्वांच्या चेहऱ्यावर दिसत होते.

चुलते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, ‘‘त्येची बायको कोन व्हती रं?’’

मी मराठीचा एम. ए. महाविद्यालयात मराठी शिकवतो. मी म्हटले, वृषाली. पण हे नाव मला कादंबरीतून ठाऊक होते. चुलते एवढ्यावर थांबले नाहीत. ‘‘त्यो मेला तवा ती काय करीत व्हती?’’

मला उत्तर देता आले नाही. कर्णाच्या मनातली द्रौपदी मला ठाऊक होती, कर्णाच्या घरातली बायको ठाऊक नव्हती. या लेखाचे मूळ त्या लाजेत आहे.

१

मराठी वाचकाला कर्णाचे वेड आहे. वि. वा. शिरवाडकरांचे ‘कौंतेय’ हे नाटक १९५३ चे. शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ १९६७ ची. इरावती कर्वे यांचा ‘युगान्त’ही १९६७ चाच. रणजित देसाईंची ‘राधेय’ १९७३ ची. पुढे १९८८ ते १९९० या काळात दूरदर्शनवर बी. आर. चोप्रांचे ‘महाभारत’ आले आणि ज्याने एकही पुस्तक वाचले नव्हते त्याच्या घरातही कर्ण जाऊन बसला. वसतिगृहातला विद्यार्थी, एस. टी. च्या शेवटच्या बाकावरचा प्रवासी, गणपतीच्या आरासीसमोर बसलेला चाकरमानी, सगळे कर्णाविषयी एकाच प्रकारे बोलतात. तो काय करतो यापेक्षा त्याच्या मनात काय होते, यावर सगळ्यांचा भर असतो.

अर्जुनाच्या मनात काय होते, असा प्रश्न कोणी विचारत नाही. त्याच्या मनात जे येते ते त्याला मिळते. मिळालेल्या माणसाचे मन खणण्याची गरज पडत नाही. खणले जाते ते प्रतिस्पर्ध्याचे मन, कारण त्याला मिळालेले नसते. वाचक आपल्या बाजूने ते भरून देतो. गेली आठ-नऊ वर्षे मी वर्गात कर्णावर बोलत आलो आहे. ‘कर्णाची सर्वांत खोल, कोणाला न सांगितलेली इच्छा कोणती?’ असा प्रश्न दिला की उत्तरे तीनच येतात. पहिले, त्याला द्रौपदी हवी होती. दुसरे, त्याला कुंतीने ‘बाळ’ म्हणून जवळ घ्यायला हवे होते. तिसरे, त्याला क्षत्रिय म्हणून मान हवा होता.

ही तीन उत्तरे वेगळी दिसतात, पण मुळात ती एकच आहेत. द्रौपदी पांडवांची, कुंती पांडवांची, क्षत्रियत्वही पांडवांचे. म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या मनात खोल खोल काय होते? तर ज्या घराने त्याला बाहेर ठेवले त्या घरात शिरण्याची इच्छा. दार त्याच्यासाठी बंद होते आणि तो आयुष्यभर त्या दाराकडेच पाहत राहिला, असे आपल्याला वाटते. आपल्याला असे वाटावे, हे त्या घराच्या मोठ्या सोयीचे आहे.

२

आता महाभारताकडे जाऊ. कर्णाच्या मनात काय होते हे कल्पनेने ठरवण्याची वेळ महाभारताने आपल्यावर आणलेलीच नाही. उद्योगपर्वात तो प्रसंग आहे. शिष्टाई फसल्यावर परत जाताना कृष्ण कर्णाला रथात घेतो आणि त्याच्या जन्माची हकीकत सांगतो. नुसती हकीकत सांगत नाही, देकार मांडतो. तू पांडवांचा थोरला ठरशील. युधिष्ठिर तुझ्यावर चवरी ढाळील, भीम छत्र धरील, अर्जुन तुझा रथ हाकील. पाच जणांच्या पाळीनंतर सहाव्या पाळीला द्रौपदीही तुझ्याकडे येईल.

वाचकाने नीट पाहावे. राज्य, मातृकुळ, क्षत्रियत्व, द्रौपदी : ज्या ज्या गोष्टी आपण कर्णाच्या मनाच्या तळाशी गुप्तपणे ठेवल्या, त्या सगळ्या कृष्णाने उघड्या हातावर त्याच्यासमोर ठेवल्या होत्या. सहाव्या पाळीबद्दल द्रौपदीला कोणी विचारले नव्हते, हीही त्या देकाराची जातकुळी लक्षात ठेवावी.

कर्ण नाही म्हणतो. आणि का नाही म्हणतो, ते सविस्तर सांगतो. अधिरथाने मला घरी नेले तेव्हा माझ्या मायेने राधेला पान्हा फुटला. तिने माझे मलमूत्र काढले. तिचा पिंड मी कसा तोडू? अधिरथाने माझे जातकर्म केले, वसुषेण हे नाव ठेवविले, वयात आल्यावर सूतांच्या मुलींशी माझी लग्ने लावली. त्यांच्यापासून मला मुले झाली, नातवंडे झाली. माझे मन त्यांच्यात गुंतलेले आहे. सगळी पृथ्वी दिली, सोन्याच्या राशी दिल्या, तरी हे मी मोडू शकत नाही. पुढे दुर्योधनाच्या उपकाराचाही तो उल्लेख करतो. पण पहिला मान राधेच्या दुधाला आहे.

हे काही त्याला एकट्या प्रसंगी सुचलेले नाही. आदिपर्वातल्या रंगभूमीवर कृपाचार्य कुळ विचारतात, दुर्योधन जागच्या जागी अंगदेशाचा अभिषेक करवतो, आणि तेवढ्यात घामाने भिजलेला म्हातारा अधिरथ काठी टेकत सभेत येतो. नुकताच राजा झालेला कर्ण अभिषेकाच्या पाण्याने ओले असलेले मस्तक त्या सारथ्याच्या पायावर ठेवतो. त्यावर भीम त्याला चाबूक हातात घ्यायला सांगतो. बाप लपवला असता तर त्या दिवशी त्याचे काम झाले असते. त्याने भरसभेत बाप लपवला नाही.

एवढे स्पष्ट बोललेले शब्द समोर असताना आपण त्याचे न बोललेले मन का शोधत बसतो? याचे उत्तर वाङ्मयात सापडणार नाही, ते समाजात शोधावे लागेल. खालच्या मानलेल्या माणसाचा होकार या समाजाला लगेच ऐकू येतो. त्याचा नकार ऐकू येत नाही. तो नाही म्हणाला की ऐकणारा मनाशी म्हणतो, वरवर नाही म्हणतोय, आतून हवेच असणार.

३

मी हे पुस्तकातून शिकलो नाही. नोकरी लागल्यावर दुसऱ्या वर्षी एका ज्येष्ठ सहकाऱ्याने, अगदी प्रेमाने, चहा पिता पिता मला म्हटले, ‘‘सर, तुमचे उच्चार, तुमचे वाचन पाहिले की वाटत नाही हो. तुमच्या घराण्यात मागे कुठेतरी कोणी मोठ्या घरातले असणार.’’ त्यांना माझा गौरव करायचा होता. मला त्या क्षणी काही सुचले नाही. मी हसलो. आपण हसलो याचे वाईट वाटत घरी आलो आणि आईला सांगितले.

आईने चिरेखाणीवर चिरे उचलले आहेत. पावसात लोकांच्या खलाट्यांत लावणी केली आहे. माझ्या परीक्षेच्या फॉर्मचे पैसे तिच्या डोक्यावरच्या टोपलीतून आले. तिने सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, ‘‘मंग मी कोन?’’

इरावतीबाईंनी ‘युगान्त’मधल्या कर्णावरच्या लेखाला ‘मी कोण?’ असे नाव दिले आहे. कर्णाला त्यांनी देव्हाऱ्यात बसवले नाही, त्याचे दोष त्यांनी झाकले नाहीत, याबद्दल त्या लेखाचे मोल मला वाटते. पण तो प्रश्न कर्णाचा आहे. माझ्या आईने विचारलेला प्रश्न राधेचा आहे. तुझी हुशारी जर दुसऱ्या कोणाच्या रक्तातून आली असेल, तर ज्या बाईने तुला वाढवले ती कोण? मराठी वाचकाने कर्णाच्या ‘मी कोण?’ वर अश्रू ढाळले. राधेचा ‘मग मी कोण?’ त्याला ऐकू आला नाही. आणि उद्योगपर्वात कर्णाने दिलेले उत्तर नेमके या दुसऱ्या प्रश्नाचे आहे. म्हणूनच ते उत्तर आपल्या लक्षात राहत नाही; ज्याचा प्रश्न ऐकलेला नाही त्याचे उत्तर लक्षात कसे राहणार?

४

कर्तृत्व दिसले की रक्त शोधायचे, ही आपल्या परंपरेची जुनी खोड आहे. कबीर विणकराच्या घरी वाढले, तर दंतकथा सांगते की ते ब्राह्मण विधवेच्या पोटचे. रोहिदास चांभार, तर दंतकथा सांगते की त्यांनी कातडी चिरून आतले सोन्याचे जानवे दाखवले. एकलव्याला तरी सोडले असेल असे वाटते, कारण निषादाच्या या पोरालाच आपण आपला मानतो. पण हरिवंशाने त्यालाही वसुदेवाच्या भावाचा, देवश्रव्याचा मुलगा करून टाकले आहे. निषादांनी त्याला नुसते वाढवले म्हणे. म्हणजे ज्याचा अंगठा कापून घेतला त्याची आईसुद्धा काढून घेतली. कर्णाची कथा या सर्वांची मोठी बहीण आहे. तिच्यात खालच्या घरात वाढलेला मुलगा श्रेष्ठ ठरतो, पण तो मुळात वरचाच होता असे सांगून व्यवस्था आपली अब्रू वाचवते.

इथे आपण आपल्याशीही प्रामाणिक राहिले पाहिजे. हे रक्त फक्त त्यांनीच आपल्या अंगात घातले असे नाही. आपणही ते मागितले आहे. आमच्याच जिल्ह्यात दापोलीला स्थायिक झालेले, लष्करातून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर हे अस्पृश्यांच्या चळवळीचे आद्य नाव. १८८८ साली त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ लिहून धर्ममार्तंडांना प्रश्न विचारले. सैन्यभरतीचे दार महारांना बंद झाले तेव्हा त्यांनी १८९४ मध्ये जो अर्ज तयार केला, त्यात आम्ही मूळचे क्षत्रिय, अशी भूमिका घेतली होती. त्या काळी सरकारच्या कानावर जाईल अशी दुसरी भाषा नव्हती. वलंगकरांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. त्यांच्या खांद्यावर उभे राहूनच आपण बोलतो. पण ‘आम्ही मूळचे कौंतेय’ ही इच्छा आपल्या मनातही होती, हे नाकारून चालणार नाही.

बाबासाहेबांनी हे वळण बदलले. १९४८ साली ‘अस्पृश्य मूळचे कोण?’ या प्रश्नाला त्यांनी जे उत्तर दिले, त्यात हरवलेल्या राजघराण्याचा मागमूस नाही. टोळ्यांपासून तुटून पडलेली माणसे, बौद्ध धर्म न सोडलेली माणसे, असे ते उत्तर आहे. इतिहासकार त्या मांडणीवर वाद घालोत. माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की, आपले मोठेपण सिद्ध करायला या उत्तराला कुंतीची गरज पडत नाही.

५

मनातली इच्छा दुसऱ्याने ठरवण्याचा प्रकार वाङ्मयापुरता राहत नाही. रत्नागिरी शहरात पतितपावन मंदिर आहे. स्थानबद्ध असलेल्या सावरकरांच्या पुढाकाराने आणि भागोजीशेठ कीर यांच्या पैशाने ते उभे राहिले आणि १९३१ साली सर्व जातींना खुले झाले. त्या काळात हे धाडस होते, हे मान्य केले पाहिजे. पण त्या धाडसाच्या मुळाशी एक गृहीत होते : अस्पृश्याच्या मनात खोलवर देवळाची ओढ आहे; ते दार उघडले की त्याचे समाधान होईल.

तसे म्हणायला आधार नव्हता असेही नाही. १९३० च्या मार्चपासून आपली माणसे नाशिकला काळारामाच्या दाराशी उभी होती. पण बाबासाहेब सांगत होते ते वेगळे होते. सत्याग्रह माणुसकीच्या हक्काचा आहे, मूर्तीच्या ओढीचा नव्हे. १९३३ साली मंदिरप्रवेशाच्या विधेयकावर पाठिंबा मागितला गेला तेव्हा त्यांनी उलट विचारले की देवळाच्या दारापुढे काय? चातुर्वर्ण्य जाणार आहे का? आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले.

त्यावर देशाने काय म्हटले? रागाच्या भरात बोलले. धमकी आहे. सौदा आहे. गांधीजींनी, धर्म म्हणजे घर किंवा अंगरखा नव्हे की वाटेल तेव्हा बदलता येईल, अशा अर्थाचे उत्तर दिले. म्हणजे पुन्हा तेच. माणूस हजारो लोकांसमोर ‘नाही’ म्हणतो आणि ऐकणारे त्याच्या मनातला ‘होय’ शोधत बसतात. त्या नकाराचा अर्थ समजायला १४ ऑक्टोबर १९५६ उजाडावे लागले. एकवीस वर्षे!

म्हणून मी म्हणतो, कर्णाच्या गुप्त इच्छेबद्दलची ही गोड चर्चा निरुपद्रवी नाही. तिच्यात वाचकाचा कान घडतो. ज्याला कर्णाचा नकार ऐकू येत नाही, त्याला उद्या आपल्या शेजाऱ्याचाही ऐकू येणार नाही.

६

येथे कोणी म्हणेल, म्हणजे तुम्ही कर्णाला आमचा नायक करायला निघालात. तसे नाही. तीन गोष्टी स्पष्ट केल्या पाहिजेत.

पहिली. सूत म्हणजे अस्पृश्य नव्हे. शास्त्रांनी त्याला प्रतिलोम ठरवले, क्षत्रियाच्या खाली बसवले, पण तो राजाच्या रथावर होता, राजवाड्यात होता. त्याला पाण्याला शिवू दिले जात नव्हते असे नाही. कर्णाचा अपमान खरा आहे, पण तो महाडच्या तळ्यावरचा अपमान नाही. दोन्हींची गल्लत करून आपण आपलीच वेदना पातळ करतो.

दुसरी. कर्णाने जात चोरली होती. परशुरामाकडे तो ब्राह्मण म्हणून राहिला. कीटकाने मांडी पोखरली तरी हलला नाही, आणि त्या सहनशक्तीनेच त्याची जात उघडी पडली. इथे बाबूराव बागुलांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा आठवल्याशिवाय राहत नाही. १९६३ साली तिच्या नावाचा संग्रह आला आणि मराठी कथेचा चेहरा बदलला. कर्णाच्या जन्माखाली आणखी एक जन्म दडलेला आहे, वरचा. बागुलांच्या नायकाच्या जातीखाली काही दडलेले नाही. जात उघडी पडते तेव्हा त्याला मार बसतो. कोणी कृष्ण येऊन सांगत नाही की तू मुळात आमचाच. दलित वाङ्मय आणि कर्णावरचे ललित वाङ्मय यांतला सगळा फरक या एका गोष्टीत आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. द्यूतसभेत द्रौपदीला कुलटा म्हणणारा आणि तिची वस्त्रे काढायला सांगणारा कर्णच आहे. लाडक्या तर्काने या गुन्ह्याचे काय केले पाहा : तो मनातून तिच्यावर प्रेम करीत होता, तिने स्वयंवरात जातीवरून नाकारले म्हणून तो दुखावला होता. म्हणजे अपमान हाच प्रेमाचा पुरावा झाला! स्वयंवरात तिने सूताला वरण्यास नकार दिल्याचा जो प्रसंग सर्वतोमुखी आहे, तो भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीने मुख्य संहितेत घेतलेलाही नाही. पण तो घडला असे धरले तरी काय? नकार मिळालेल्या पुरुषाने बाईची विटंबना करावी आणि आपण तिला त्याच्या दुखऱ्या मनाचे औषध लावावे? खैरलांजीनंतर तरी ही भाषा आपल्या तोंडी शोभत नाही. कर्ण स्वतः या बाबतीत आपल्यापेक्षा बरा. कृष्णाशी बोलताना, दुर्योधनाला खूष करण्यासाठी पांडवांना जे कटू बोललो त्याचा पश्चात्ताप होतो, असे तो म्हणतो. प्रेमाची सबब तो पुढे करीत नाही.

लोकपरंपरेतले ‘जांभूळ आख्यान’ही या संदर्भात लक्षात घ्यावे. आंबेडकरी शाहीर विठ्ठल उमप यांनी ते आपल्या गळ्याने आणि अंगाने गाजवले. त्यात कर्णाविषयीची इच्छा द्रौपदीच्या मनात आहे आणि तिला ती सर्वांसमोर कबूल करावी लागते. बाईलाही मन असते हे सांगण्याचे बळ त्या कथेत आहे, म्हणून ती मला कादंबऱ्यांपेक्षा धीट वाटते. तरी कबुली द्यायला लावतात ती बाईलाच. आणि कर्णाच्या घरातली बाई याही आख्यानात कुठे नाही.

७

२०२१ साली मारी सेल्वराज यांचा ‘कर्णन’ हा तमिळ चित्रपट आला. त्यातल्या नायकाचे नाव कर्णन, त्याच्या प्रेयसीचे नाव द्रौपदी. कथा एका दलित खेड्याची आहे आणि तिच्यामागे १९९५ च्या कोडियनकुलमच्या पोलिसी अत्याचाराची आठवण आहे. या कर्णाच्या मनात खोलवर काय आहे? आपल्या गावासमोर बस थांबावी, एवढेच. ती थांबत नाही म्हणून पोरगी रस्त्यावर मरते, गरोदर बाई ताटकळते, शिकणारी मुले मागे राहतात. त्याला कोणाच्या घरात शिरायचे नाही. त्याची इच्छा गुप्त नाही, ती रस्त्यावर उभी आहे. आणि तो कोणाचा हरवलेला मुलगा नाही. आहे तो आपल्याच आईबापाचा आहे. जुने नाव घेऊन त्यातली कुंती काढून टाकली की केवढे काम होते, ते मला या चित्रपटात दिसले. आपल्या मराठीत असा कर्ण अजून लिहायचा आहे. जे विद्यार्थी हे वाचतील त्यांच्याकडून माझी ही मागणी आहे.

तोवर निदान जुना कर्ण तरी नीट वाचावा. गेल्या वर्षी मी वर्गातला प्रश्न बदलला. कर्णाच्या मनात काय होते हे न विचारता, तो मेला तेव्हा त्याची बायको काय करीत होती, हे मूळ महाभारताचे मराठी भाषांतर पाहून लिहून आणा, असे सांगितले. बरेच जण ‘वृषाली’ एवढे लिहून आले. ‘मृत्युंजय’ने कर्णाच्या पत्नीला स्वतःच्या तोंडाने बोलू दिले, हे त्या कादंबरीचे श्रेय मी वर्गात आवर्जून सांगितले. पण एक मुलगी ग्रंथालयात दोन दुपार बसली आणि स्त्रीपर्वापर्यंत पोचली.

तिथे गांधारी रणांगण दाखवते आहे. कर्ण पडला आहे, आणि त्याच्याजवळ वृषसेनाची आई जमिनीवर कोसळून रडते आहे. तिला तिथे नाव नाही. मुलाच्या नावानेच ती ओळखली जाते. मुलगाही मेलेला आहे. ती उठते, पुन्हा पडते. त्याच पर्वाच्या शेवटी कुंती तोंड उघडते, युधिष्ठिर कर्णाला थोरला भाऊ म्हणून पाणी सोडतो आणि त्याच्या बायकांना आपल्याकडे आणवतो. जिवंतपणी जो नाही म्हणाला, त्याला मेल्यावर घरात घेतले. राधेला कोणी काही विचारले का, ते तिथे लिहिलेले नाही.

त्या मुलीने वहीच्या शेवटी मला एक प्रश्न लिहिला होता : सर, कर्णाने कृष्णाला हे कोणाला सांगू नको असे बजावले होते ना, मग कुंतीने का सांगितले?

गणपतीत घरी गेलो तेव्हा चुलत्यांना सगळे सांगितले. वृषसेनाची आई, रणांगण, जमिनीवर पडलेली बाई. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘‘ह्यो सवाल बारीत टाकाया होवा.’’ आमच्या वाडीतला एक पोरगा आता जाखडीच्या चालीवर भीमगीते बांधतो. त्याला मी तो प्रसंग वाचायला दिला आहे.